सर्पमित्राची नोकरी कुठे आहे? वनखात्याला खुले पत्र

प्रति,
माननीय वनमंत्री, महाराष्ट्र राज्य
आणि प्रधान मुख्य वनसंरक्षक (वन्यजीव), नागपूर

सप्रेम नमस्कार.

सर्पमित्रांना ओळखपत्र, १० लाखांचा अपघात विमा आणि अत्यावश्यक सेवेचा दर्जा देणार, अशी बातमी २०२५ च्या जुलैमध्ये आली तेव्हा माझ्या फोनवर दिवसभर अभिनंदनाचे मेसेज येत होते. बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. पण बातमी पुन्हा वाचली आणि एक गोष्ट टोचली, ती अजून टोचतेच आहे. विमा कामाला येतो तो माणूस मेल्यावर, नाहीतर जायबंदी झाल्यावर. तोपर्यंत त्याने खायचं काय, हे काम त्याला शिकवणार कोण, आणि एखाद्या पोराने यातच आयुष्य काढायचं ठरवलं तर त्याने कुठल्या दारात जायचं, याबद्दल त्या बातमीत अवाक्षर नव्हतं. म्हणून हे पत्र. ते उघडं लिहितोय, कारण बंद पाकिटातल्या अर्जांवर आजवर पोचेचा शिक्का मिळाला, उत्तर मिळालं नाही.

माझी ओळख एवढीच: पोटासाठी मोटार रिवाइंडिंगचं दुकान, उरलेला वेळ साप. फोन आला की शटर अर्धं ओढायचं, हुक आणि पिशव्या गाडीला लावायच्या आणि निघायचं. शनिवारी सकाळी शाळांमध्ये सापांवर बोलतो, स्लाइड आणि चित्रं घेऊन. जिवंत साप नेत नाही. का ते पुढे सांगतो.

पत्राला निमित्त झालं ते वेगळंच. माझ्याबरोबर फिरणाऱ्या एका मुलाची आई मध्यंतरी दुकानात आली. म्हणाली, "भाऊ, तुमच्यासंगं राहून ह्याला दुसरं काही सुचंना झालंय. हेच करणार म्हणतो. तुम्हीच सांगा, ह्यात पोट भरतं का?" पोरगा बारावी सायन्स, हुशार, आणि मुख्य म्हणजे हाताला घाई नाही. कवड्या साप आणि मण्यार यांत भलेभले फसतात. हा लांबून सांगतो: कवड्याचे पट्टे मानेपासून ठळक आणि शेपटीकडे पुसट होत जातात, मण्यारीचं बरोबर उलटं. असा पोरगा कुठल्याही खात्याने सोडता कामा नये. त्या माउलीला मी "नाही भरत" एवढंच म्हणू शकलो. खरं तर हे उत्तर तुम्ही द्यायला हवं होतं.

माझं म्हणणं थोडक्यात असं. या राज्यात साप नीट पकडणाऱ्याला आणि नीट शिकवणाऱ्याला दमडी मिळत नाही, सापाचा खेळ करणाऱ्याला मिळते. मग खेळ वाढले तर दोष एकट्या पोरांचा कसा?

आधी शिकण्याचं बोलू. सर्पमित्र आज तयार होतो तो कुणाच्या तरी मागे गाडीवर बसून. किंवा त्याहून वाईट, फोनवर व्हिडिओ बघून. व्हिडिओत दिसतं ते असं: शेपटी धरून नाग उचलायचा, फणा कॅमेऱ्याकडे वळवायचा, चार वाक्यं बोलायची आणि बरणीत कोंबायचा. प्रत्यक्षात सापाला हात लागायचं कारणच नसतं. मागच्या हंगामात एका गोठ्यात कडब्याच्या गंजीखाली घोणस होती. कुकरची शिट्टी अर्धवट अडकावी तसा आवाज सारखा चालू. आम्ही आधी गर्दी मागे सारली. काळ्या कापडाच्या पिशवीच्या तोंडाला पीव्हीसी नळीचा तुकडा बसवला आणि तो भिंतीच्या कडेला आडवा ठेवला. मग लांब हुकाने एकेक पेंढी बाजूला. लपायची जागा संपत आली तशी ती भिंतीच्या कडेने सरकली, नळीचं अंधारं तोंड दिसलं आणि आपली आपण आत शिरली. नळी उभी करून साप पिशवीत उतरवला, पिशवीला वरून पीळ दिला, नळी काढून गाठ मारली. बघायला जमलेल्यांचा पार विरस झाला. एकाने तर विचारलं, "एवढंच?" हो, एवढंच असतं.

हे "एवढंच" शिकायला महिने लागतात. नळी कुठे ठेवायची, गर्दीतल्या शहाण्याला कसं गप्प करायचं, पकडलेला साप किती लांब सोडायचा. परक्या मुलुखात लांब नेऊन सोडलेला साप भटकत राहतो आणि बऱ्याचदा मरतो. तरीही "डोंगरात नेऊन सोडला" हे आपल्याकडे अजून अभिमानाने सांगितलं जातं. केरळच्या वनखात्याने २०२० मध्ये नियम केले की खात्याचं प्रशिक्षण आणि प्रमाणपत्र असल्याशिवाय साप पकडायचा नाही. सोबत 'सर्पा' नावाचं ॲप आणलं. त्यात फोन करणाऱ्याला जवळचा प्रमाणित माणूस सापडतो आणि सापाची नोंदही राहते. या कामात महाराष्ट्र तर केरळच्या आधीचा. नीलिमकुमार खैरे १९८० मध्ये पुण्यात ७२ विषारी सापांबरोबर ७२ तास बसले होते आणि कात्रजचं सर्पोद्यान १९८६ पासून आहे. लोकांना सापाकडे बघायला लावण्यासाठी त्या काळी तसं काही करावं लागलं असेल. त्याला चाळीसहून जास्त वर्षं झाली. तरी सापाबद्दल बोलायचं तर अंगाखांद्यावर साप हवाच, ही समजूत अजून हलायला तयार नाही.

आता पैशाचं. हे बोलायला आमच्यातलेच लोक लाजतात. रात्री दोनला फोन येतो. पेट्रोल आमचं, पिशव्या आमच्या, दुसऱ्या दिवशीचं खाडं आमचं. घरमालकाने चहा पाजला तरी पुष्कळ. पेट्रोलचे शंभर रुपये मागितले तर "सर्पमित्र असून पैसे घेतो" ही बोंब सकाळपर्यंत गावभर. काहीजण अडवून पैसे काढतात, साप समोर दिसतोय तोवर आकडा वाढवतात, हेही खरं आहे आणि आम्हालाच त्याची लाज वाटते. पण अग्निशमन दलाचा बंब आला की डिझेल कुणाचं हा प्रश्न निघत नाही, कारण त्या जवानाला पगार आहे, गणवेश आहे, वर साहेब आहे. आम्हाला यातलं काहीच नाही आणि अपेक्षा मात्र जवानाची.

मग कमाई कुठे आहे? रीलमध्ये. नागाच्या फण्याला ओठ लावणारा व्हिडिओ लाखो लोक बघतात. त्यातून जाहिरात मिळते, पुढे नाव छापलेले टी-शर्ट, मग कुणाच्या तरी वाढदिवसाला प्रमुख पाहुणा. कार्यक्रमासाठी दोन-दोन दिवस बरणीत ठेवलेले साप मी पाहिलेत, तोंडाला जखम झालेले, सुकलेले. अशा पोरांवर तुम्ही गुन्हे दाखल करता, करायलाच हवेत. पण त्याच पोराला तुम्ही दुसरं काय देऊ केलं होतं? वनरक्षक भरतीत पुरुषांना ५ किलोमीटर आणि महिलांना ३ किलोमीटर धावण्याचे गुण असतात. पायाला गुण आहेत, मग विषारी साप किंवा जखमी प्राणी सुरक्षित हाताळता येणाऱ्या हाताला का नकोत? जुन्नरजवळ माणिकडोहला बिबट्यांचं निवारा केंद्र आहे, नागपूरला वन्यप्राण्यांचं उपचार केंद्र आहे. बिबट्या उसात आला आहे, गवा शहरात शिरतो आहे. प्राणी हाताळू शकणारी माणसं यापुढे जास्तच लागणार. ती आणणार कुठून? पशुवैद्य कॉलेजातून येतील. पण पिंजरा लावणारा, जाळं धरणारा, जमाव आवरणारा माणूस कुठल्या कॉलेजात तयार होतो?

कायद्याचंही एकदा स्पष्ट होऊ द्या. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या कलम ९ ने शिकारीला बंदी आहे आणि परवानगीशिवाय पकडणं हेही त्यातच धरलेलं आहे. तसंच असायला हवं, तक्रार नाही. पण मग पोलीस पाटील, पंचायत, कधी कधी वनखात्याचीच माणसं आम्हाला बोलावतात ती कोणत्या आधारावर? एका कार्यालयातून मला घाईघाईने फोन आला होता, साहेबांच्या क्वार्टरमध्ये नाग आहे. गेलो, पकडला, नोंद करून सोडला. पुढे दुसऱ्या कामासाठी तिथेच गेलो तर बदलून आलेल्या नव्या साहेबांनी विचारलं, "तुम्हाला साप पकडायची परवानगी दिली कुणी?" उत्तर त्यांच्याच रजिस्टरमध्ये होतं.

आणि चावला तर? बिबट्या, अस्वल, गवा, रानडुक्कर यांच्या हल्ल्यात माणूस गेला तर वनखातं भरपाई देतं. त्या यादीत साप नाही. शेतकऱ्याच्या घरी सर्पदंशाने कुणी गेलं तर गोपीनाथ मुंडे योजनेतून २ लाख मिळतात. ज्याच्या नावावर सातबाराच नाही अशा सर्पमित्राच्या घरी काय जातं? आमच्यातल्या एकाचं घोणस चावून बोट गेलं. तो वेल्डर होता. दवाखान्याच्या बिलासाठी आम्ही व्हॉट्सॲप ग्रुपवर वर्गणी काढली.

पण मला सगळ्यात जास्त बोलायचंय ते लोकशिक्षणाबद्दल, कारण खरी माणसं तिथे वाचतात.

२०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी अभ्यासानुसार २००० ते २०१९ या काळात भारतात सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसं गेली, म्हणजे वर्षाला सरासरी ५८ हजार. जवळजवळ निम्मी ३० ते ६९ वयाची, घरातली कर्ती माणसं. चौथाईहून जास्त १५ वर्षांखालची मुलं. जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ मध्ये सर्पदंश दुर्लक्षित आजारांच्या यादीत घातला. केंद्र सरकारने मार्च २०२४ मध्ये राष्ट्रीय कृती आराखडा काढला. २०३० पर्यंत हे मृत्यू निम्म्यावर आणायचे आहेत. कोण आणणार? आरोग्य खात्याला विचारलं तर साप वनखात्याचा. वनखात्याला विचारलं तर दंश आरोग्य खात्याचा.

साप पकडून हे मृत्यू फारसे कमी होत नाहीत, हे साप पकडणारा माणूस तुम्हाला सांगतोय. मी एका घरातून मण्यार बाहेर काढली तर ते घर त्या रात्रीपुरतं निर्धास्त. त्याच घरातली माणसं जमिनीवर झोपायची थांबली, मच्छरदाणी गादीखाली खोचायला लागली, तर सगळा पावसाळा निर्धास्त. मण्यार रात्री हिंडते, झोपेतल्या माणसाला चावते आणि दंश इतका बारीक की पुष्कळदा खूणही दिसत नाही. पहाटे पोटात दुखायला लागतं, पापण्या जड होतात आणि घरचे म्हणतात, रात्रीचं काही बाधलं असेल. हे ज्या घराला आधी माहीत असतं ते घर दवाखान्याच्या रस्त्याला लवकर लागतं. भात कापताना गमबूट, रात्री परसाकडे जाताना बॅटरी, चावल्यावर पातं लावायचं नाही, दोरी आवळायची नाही, साप मारून सोबत न्यायची गरज नाही, चावलेला हात-पाय हलू न देता थेट १०८. सह्याद्रीच्या पट्ट्यात आणखी एक सांगावं लागतं: आपलं प्रतिसर्पविष नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चौघांसाठी बनतं, चापडा या हिरव्या विषारी सापासाठी नाही.

आणि हे नुसतं पत्रक वाटून होत नाही. सहावीतल्या एका मुलीने मला विचारलं होतं, "सर, आमच्या आजोबांना साप चावला तेव्हा देवळात नेलं होतं. ते बरे झाले. मग तुम्ही खोटं सांगता का?" वर्ग गप्प. तिला "ही अंधश्रद्धा" म्हणून झटकलं असतं तर तिने पुन्हा हात वर केला नसता आणि घरी जाऊन चकार शब्द काढला नसता. तिला सांगावं लागलं की आपल्याकडचे बरेचसे साप बिनविषारी आहेत. विषारी सापसुद्धा चावताना दर वेळी विष सोडतोच असं नाही. त्यामुळे देवळात नेलेली बरीच माणसं वाचतात, आजोबाही वाचले, फार चांगलं झालं. पण आजोबांना चावलेला साप कोणता होता हे देवळात कळत नाही. दवाखान्यात काचेच्या नळीत रक्त घेऊन २० मिनिटं थांबतात, गोठतंय का बघतात, पापण्या आणि श्वास यांवर लक्ष ठेवतात, तेव्हा कळतं. तिने विचारलं, "म्हणजे आधी दवाखाना, मग देऊळ चालेल?" चालेल म्हटलं. सगळा वर्ग हसला. असं उत्तर देणारा माणूस पकडण्याच्या कौशल्याने तयार होत नाही. ते वेगळं शिक्षण आहे आणि ते देण्याची सोय राज्यात कुठेही मला सापडलेली नाही.

जिवंत साप मी वर्गात नेत नाही तो यासाठीच. काकांनी नाग हातात धरला आणि त्यांना काही झालं नाही, एवढंच पोरं घरी घेऊन जातात. बाकीचं व्याख्यान वाया. आणि वन्यजीव सप्ताहात, १ ते ७ ऑक्टोबरला, सरकारी मांडवाच्या कोपऱ्यातच बरणीतला साप दाखवून टाळ्या घेतल्या जाताना मी पाहिलंय. जागेचं नाव घेत नाही. पण खात्यानेच खेळाला मांडव दिला तर आम्ही पोरांना कोणत्या तोंडाने सांगायचं?

"साप पकडण्याची कसली आलीय नोकरी" असं कुणाला वाटत असेल तर तामिळनाडूकडे बघावं. १९७२ च्या कायद्यानंतर सापाच्या कातड्याचा धंदा बंद झाला आणि साप पकडण्यात पिढ्या घालवलेले इरुळा लोक उघड्यावर पडले. १९७८ मध्ये चेन्नईजवळ त्यांची सहकारी संस्था उभी राहिली. परवाना घेऊन साप पकडायचा, काही आठवडे ठेवायचा, विष काढायचं, पुन्हा सोडायचा. त्या विषापासून औषध कंपन्या प्रतिसर्पविष करतात. याच समाजातल्या वडिवेल गोपाल आणि मासी सदैयन यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली. सहकारात महाराष्ट्राला कुणी शिकवायची गरज नसावी.

आता मागण्या.

महाराष्ट्र राज्य कौशल्य, व्यवसाय शिक्षण व प्रशिक्षण मंडळामार्फत वन्यप्राणी हाताळणी आणि लोकशिक्षण असा सहा महिन्यांचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम सुरू करा. त्यात हाताळणी, कायदा, प्रथमोपचार आणि वर्गात शिकवणं हे चारही असू द्या; शिकवण्याचा भाग ऐच्छिक नको. दर काही वर्षांनी परीक्षा पुन्हा घ्या, माझ्यासारख्या जुन्यांचीही. नापास झालो तर कार्ड काढून घ्या.

प्रत्येक तालुक्यात निदान दोन मानधनी जागा निर्माण करा. दोघांचं काम रात्री साप पकडणं आणि दिवसा शाळा, ऊसतोड टोळ्या, वीटभट्ट्या, अंगणवाड्यांमध्ये जाऊन बोलणं. निम्मा खर्च आरोग्य खात्याने उचलावा, कारण फायदा त्यांच्याही आकड्यांत दिसणार आहे. पैसा नाही असं उत्तर येईल हे धरून चाललोय. पण दंशाच्या एकेका गंभीर रुग्णाला व्हेंटिलेटरवर ठेवायला सरकारी दवाखान्याचा किती खर्च होतो, तो आकडा मागवा आणि शेजारी शेजारी ठेवून बघा.

वनरक्षक भरतीत आणि बचाव पथकांच्या नेमणुकीत या प्रमाणपत्राला गुण द्या. प्रमाणित माणसाला बोलावलं की कॉलचा प्रवासखर्च खात्याने द्यावा, घरमालकाकडून एक रुपया घ्यायला बंदी करावी. मग अडवून पैसे काढणाऱ्याला धरायलाही तोंड राहील.

जिवंत साप दाखवून होणारे कार्यक्रम शाळा, मंडळं आणि सरकारी मांडव, तिन्हीकडे बंद करा. परिपत्रक काढा आणि ते शिक्षण खात्यालाही पाठवा. विम्याची जी घोषणा झाली तिचा शासन निर्णय, पात्रता आणि अर्ज कुठे करायचा हे प्रत्येक वनपरिक्षेत्र कार्यालयाच्या फलकावर लावा.

पहिली तुकडी येत्या पावसाळ्याआधी प्रशिक्षणाला बसावी ही विनंती. जूनपासून आमचे फोन थांबत नाहीत. उत्तर लेखी द्या. नकार असेल तरी कारणासह द्या, म्हणजे पुढचा अर्ज कुठे करायचा ते कळेल. चर्चेला बोलावलंत तर आम्ही स्वतःच्या खर्चाने नागपूरला येऊ. फक्त पावसाळ्यात बोलावू नका.

आपला,
एक सर्पमित्र